कलाबाईंच्या नावाची बरड

कलाबाई रोज भाकरी वाढत, म्हणूनच की काय, रमाकांत मास्तरांनी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं ते चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात. अमडापूरचा आठवडी बाजार होता. चिखली रस्त्याच्या वळणावर, जिथं गवतसुद्धा धड उगवत नाही अशा बरड जमिनीत बाई एका धोंड्यावर बसल्या होत्या आणि रस्त्यानं बैलगाडी गेली की ओटीत एक खडा टाकत होत्या.

मास्तरांना वाटलं, बाईंना ऊन लागलं.

महिन्याभरानं कलाबाईंनी त्यांनाच साक्षीदार म्हणून चिखलीच्या रजिस्ट्री कचेरीत नेलं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावात एकट्या राहणाऱ्या मास्तर-कारकुनांसाठी खानावळ चालवून साठवलेल्या पैशात त्या तीच बरड विकत घेत होत्या.

"पोस्टात ठेवले असते तर व्याज तरी आलं असतं," मास्तर वाटेत म्हणाले. "इथं तूरही यायची नाही."

"तूर कोण पेरून राह्यलं, मास्तर? तुमी सारे जमिनीत काय पिकते ते पाहता. मी तिच्यापुढून काय जाते ते पाह्यलं. चार बाजार गाड्या मोजल्या. उद्या मोटारी येतीन."

अर्जनवीस खरेदीखत लिहायला बसला आणि धाकटा दीर सहदेव येऊन उभा राहिला.

"उद्धवच्या नावानं लिहा," तो म्हणाला. "माह्या पोराशिवाय वैनीले हाय कोण? बाईच्या नावावर जमीन, लोकं काय म्हणतीन?"

लेखणी थांबली. जमिनीचे मालक भाऊराव पान चघळत म्हणाले, "घरातलं मिटवा बापा, मंग मले सही मागा."

मास्तर चाचरले. "कलाबाई, पुढंमागं भानगड नको..."

"भाकर करपली तं मलेच बोलता ना? मंग जमिनीचं दुसऱ्याले काऊन इचारता?" बाईंनी पदर खोचला. "भाऊजी, मी मेली की घ्या लिहून. आज जित्ती आहो. आन् भाऊराव, तुमाले इकाची नसन तं तसं सांगा. वळणाच्या पल्याडचीबी पाहून ठेवली मी."

भाऊरावांनी पान थुंकलं. त्या दगडांना दुसरं गिऱ्हाईक कुठून मिळणार होतं?

"लिहा हो," ते अर्जनविसाला म्हणाले, "कलाबाईच्याच नावानं."

मास्तरांनी खाली सही केली. सहदेव तीन वर्षं वहिनीशी बोलला नाही. बाईंनीही त्याची मनधरणी केली नाही. पुढं सडक डांबरी झाली, वळणावर मोटारी थांबू लागल्या, तेव्हा चिखलीचे दोन व्यापारी दुप्पट-तिप्पट भाव घेऊन आले. त्यांना चहा मिळाला, जमीन मिळाली नाही.

आज त्या बरडीवर चार खोल्या आहेत. तीन भाड्यानं दिल्या आहेत. त्यांतल्या एकीत उद्धव सायकली दुरुस्त करतो आणि इतरांसारखंच भाडं देतो. चौथीत कलाबाई एकट्या राहतात. खानावळ त्यांनी गेल्या वर्षी बंद केली.