सासूबाईंच्या गाडीतला खोटारडा

त्याला सगळे वैद्य म्हणत. गाडी आली की हा आधी बॉनेट उघडत नसे. मालकाला स्टुलावर बसवून विचारत असे, खोकला सकाळी जास्त की संध्याकाळी, चढावर दम लागतो का, धूर कसला येतो. अर्धी गिऱ्हाइकं त्यामुळेच यायची आणि अर्धी त्यामुळेच वैतागायची. बायको म्हणायची, एक दिवस हा गाडीला जीभ बाहेर काढ म्हणेल.

अशा या वैद्याकडे सासूबाई गाडी घेऊन आल्या, दोन दिवसांसाठी. गाडी खोकत आली आणि दारात मान टाकली. काळा धूर, उभ्या उभ्या धडधड, ॲक्सिलरेटर दाबला की उचक्या. गाडी ठणठणीत झाल्याशिवाय आपण हलणार नाही, असं सासूबाईंनी सांगून टाकलं. बाईंनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं. समोरचा चुकणार हे त्यांना तो चुकायच्या आधी दिसायचं. आठवड्याच्या आत त्यांनी वैद्याची खुर्ची घेतली, पान्ह्यांच्या जागा बदलल्या आणि गिऱ्हाइकांना गाडी नीट लावायला शिकवू लागल्या. ही गाडी लवकर सुधारली नाही तर आपलं काही खरं नाही, हे वैद्याला कळून चुकलं.

त्यानं प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप काढून पुन्हा बसवला. गाडी आपली तशीच. सासूबाई खुर्चीतून नुसत्या बघायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि तेच जास्त झोंबायचं. सासरे मात्र रोज फोन करायचे. स्कूलच्या गाड्यांची देखभाल त्यांनीच केलेली, पण आवाज असा की निम्मं बोलणं मिशीतच राहायचं. काही घाई करू नका, नीट तपासा, असं ते फार मायेनं सांगायचे.

शेवटी वैद्याचा संशय प्रेशर सेन्सरवर गेला. इंजिन किती जोरात हवा ओढतंय ते हा काडेपेटीएवढा डबा गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. या डब्याचं ऐकाल तर गाडी गॅरेजात उभ्या उभ्या डोंगर चढत होती. वैद्यानं त्याची वायर उपटली. तोंड बंद झालं तसा कॉम्प्युटर आपल्या अंदाजानं चालला आणि धडधड पुष्कळ निवली. खोटं बोलणाऱ्यापेक्षा मुका बरा म्हणायचा. तरी खात्री हवी म्हणून त्यानं वायर परत जोडली आणि हातपंपानं सेन्सरमधली हवा ओढून बघितली. स्कॅनरवर दाबाचा आकडा बदलायला हवा होता, तो तसूभर हलला नाही.

मग त्यानं सेन्सर काढून उलटा केला आणि डोळ्यांजवळ धरला. मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका. बाद केलेला पार्ट चुकून परत कुठे बसू नये म्हणून बायकोच्या बाटलीतून ठिपका द्यायची त्याची जुनी खोड. हा सेन्सर त्यानंच मागे सासऱ्यांच्या दुसऱ्या गाडीतून काढला होता आणि फेकून द्या म्हणून त्यांच्या हातात ठेवला होता. म्हणजे म्हातारबांनी तो जपला, आणि सासूबाई निघायच्या आधी चांगला काढून हा बसवला. वैद्याला राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. स्वतःला सुटी हवी म्हणून या गृहस्थांनी आपली बायको जावयाच्या गळ्यात बांधली होती.

सेन्सर खिशात लपवायला तो वळला, तर मागे सासूबाई.

"मला निघतानाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ज्या माणसानं कधी माझी बॅग उचलली नाही, तो त्या दिवशी ती गाडीत ठेवायला आला."

मग इतके दिवस गप्प का बसलात, असं वैद्यानं काकुळतीनं विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, त्यांना स्वतः मला परत बोलवू दे, तोवर नवा सेन्सर बसवलास तरी मी निघायची नाही. घ्या! रोग सापडला आणि रोगी घरातच.

त्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला तेव्हा आवाज उतरलेला होता. गाडीचं कुठवर आलं, म्हणाले. वैद्यानं तोंड शक्य तितकं गंभीर केलं. रोग सापडलाय, सेन्सर गेलाय, नवा काही मिळत नाही, पण चांगला सेन्सर कुणी आणून दिला तर चुटकीसरशी काम होईल, असं त्यानं सांगितलं. पलीकडून मिशीतून "बघतो" एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी सासरे बसनं आले. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. त्यांनी रुमालात गुंडाळलेला सेन्सर टेबलावर ठेवला आणि त्यांच्या मुलीनं आ वासला.

"मला जरा शांतता हवी होती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एवढी नको होती."

सासूबाईंचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी वैद्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि नवऱ्यापुढे धरला.

"काढलात तसा बसवा. आणि वायर नीट लावा. मागच्या वेळी सैल राहिली होती, गाडी चांगली चालायला लागली. मलाच वाटेत थांबून दाबून बसवावी लागली."