देवाकडे पाठ

सुप्रभावहिनींना कोणी भित्र्या म्हटलं तर जपानमधल्या सेंदाईतली आमची अख्खी इमारत हसेल. कचरा चुकीच्या पिशवीत टाकणाऱ्याच्या दारावर त्या स्वतः जाऊन टकटक करतात. पण गाणं म्हटलं की भिजलेली मांजर. पुण्यात सात वर्षं शिकलेल्या, इथे आल्यापासून सोळा वर्षं तोंड बंद. पंधरा वर्षांच्या मैत्रेयीने आईचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. त्या रविवारी दुपारी ऐकणार होती. मीच वहिनींच्या मागे लागून एका मैफलीत गाण्यासाठी त्यांचं नाव दिलं होतं.

मैफलीची जागा म्हणजे बासरी वाजवत भिक्षा मागणाऱ्या साधूंच्या एका पंथाची जुनी वास्तू. छतावर चौकटी-चौकटींत रंगवलेली फुलं, खांबांवर सोनेरी सारस. साधू केव्हाच गेले, आता तिथे मैफली होतात. वहिनी दारातच अडखळल्या.

"चपला काढायच्या आणि तिकीटही दाखवायचं? केतकी, हे देऊळ आहे की हॉल?"

मला तरी कुठे माहीत होतं? आत बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यासमोर माइक.

नाव पुकारलं. वहिनींनी मूर्तीला नमस्कार केला आणि तिच्याकडेच तोंड करून मांडी घातली. साठ श्रोत्यांकडे सरळ पाठ.

व्यवस्था पाहणाऱ्या ओनोदेरा-सान धावत आल्या. श्रोते इकडे आहेत, असं त्यांनी वाकून वाकून सांगितलं.

"देवाकडे पाठ करून कसं गायचं हो?" वहिनींनी मराठीतच विचारलं.

मी जपानीत सांगितलं. ओनोदेरा-साननी मूर्तीकडे पाहिलं, श्रोत्यांकडे पाहिलं. आजवर हे कोणी विचारलं नसावं. शेवटी त्यांनी माइक उचलून मूर्तीच्या बाजूला, वहिनींच्या समोर ठेवला. मैत्रेयीने मान खाली घातली.

अभंगाची पहिली ओळ थरथरली, मग आवाज मोकळा झाला. आम्हाला दिसत होता तो फक्त अंबाडा. गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

बस स्टॉपवर मैत्रेयी मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी मूर्तीजवळ बसते. मग तू मला दिसशील."

"नको गं," वहिनी म्हणाल्या. "देवासाठीच तशी पाठ फिरवून बसले का, माझं मलाच कळत नाहीये. भीती तर तुझीच वाटत होती."