सुस्त अळ्यांचा डबा

फोन आला तवा मी तुरीत होती. हातात डबा, डब्यात सात-आठ अळ्या. फोन रेहानाचा. मंगरूळपीरची पोरगी, बंगलोरले माह्या सुनंदासंगंच काम करे. म्हने, "काकू, पह्यले खाली बसा." मी बसली नाही. उभ्यानंच आयकलं... माही लेक गेली. निंगताना डबा तसाच वावराच्या बांधावर, धुऱ्यावर राह्यला. मले लिव्हता येत नाही. मी बोलली, सुनेनं लिवून घेतलं.

बाप गेला तवा सुनंदा सातवीत होती. मी लोकाच्या वावरात निंदाले जाऊ, ती धुऱ्यावर बसून अभ्यास करे. कधी नुसतं पानी पिऊन निजलो, पन शाळा बुडू देली नाही. मंग मेडशीहून एसटीनं वाशिम, तिथून लय दूर गेली... अन् शिकली काय, तर माशी. मुंगीएवढी, तुरीच्या अळीले डंख मारून तिच्या पोटात अंडं घालनारी. बाया हासत, एवढं शिकून पोरगी अळ्याच येचते म्हनत. सुनंदा मले समजावे, का हे जहर अळीले मारत नाही, सुस्त करते. अळी जित्ती राह्यते अन् आतून पोखरत जाते. लाखो वर्षांत हे जहर कसं बदललं, गावोगावच्या माशांत कसं येगळं हाय, ते ती शोधे. डंख नराले नसते, मादीलेच. आईचं जहर लेकीत उतरते, म्हने. मी म्हनली, "तरीच तुही जीभ अशी." तर म्हने, "मंग कोनाची येईन, माय?"

पह्यल्या साली तिनं मले अळ्या जमवाले सांगतलं. मी बियानं निवडावं तशा निवडल्या. मोठ्या, वळवळत्या. मरतुकड्या सगळ्या फेकल्या. तिनं डबा पाह्यला अन् मटकन बसून हासत सुटली. "माय, तू फेकल्या त्याच तं मले पाह्यजे होत्या व." तवापासून नजर बसली. जी अळी खात नाही, जागची हालत नाही, ती मले लांबूनच दिसे.

औंदा दिवाळीनंतर आली. तूर फुलावर होती. ती धुऱ्यावरच बसून राह्यली, वावरात उतरली नाही. अर्धी भाकर बाजूले सारली. मी म्हनली, शयरात राहून मिजास वाढली तुही. ती नुसती हासली... चार महिन्यांपासून तिले आपलं दुखनं ठाऊक होतं. मी मंग रेहानाले इचारलं, मले काहून नाही सांगतलं? रेहाना म्हने, "काकू, सुनंदा म्हने, मायची नजर तेज हाय. तिनं ओयखलं तर सांगीन."

मी नाही ओयखलं.

पुण्यानुमोदन झालं, पावने गेले. माह्या जावेनं धुऱ्यावरचा डबा घरी आनून देला. अळ्या मेल्या होत्या, बाजूले माशीचे पांढरे कोश. फडकं बांधून ठेवला. आठ दिवसांनी चार माशा निघाल्या, त्यातल्या दोन अजून जित्त्या हायेत. रेहाना आयतवारी येऊन नेनार हाय, सुनंदाचं काम पुढं चालवतो म्हने. तवरोक सुनंदानं शिकोलं तसं मी रोज सकाळी कापसाचा बोळा मधाच्या पान्यात भिजवून डब्यात ठेवतो. डोये बारीक करून पाह्यत बसतो. एक पेते... दुसरी पेते. दोघी प्याल्या का मंगच मी भाकर घेतो.