१०४०३९९ ला भाग

आकडा दिसला की तो फोडून बघितल्याशिवाय नागोरावांच्या जिवाला चैन नसे. रिक्षाचा नंबर असो की गॅसच्या पावतीचा, त्याला कशानं भाग जातो ते बघायचंच. गोडदेव गावात त्यांनी आयुष्यभर गणिताच्या शिकवण्या घेतल्या, पण हा चाळा पोटासाठी नव्हता. काळजी वाढली की तोही वाढायचा.

शेजारच्या जितेंद्रनं स्कूटरसाठी बेरीज नऊ येणारा नंबर मागून घेतला, तेव्हा नागोरावांनी त्याला भर जिन्यात झापलं होतं. "आकड्यात नशीब असतं तर मी राजा असतो!"

आणि आज तेच नागोराव मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात बायकोशेजारी बसून आकड्यात नशीबच शोधत होते. कांताबाईंच्या गाठीचा रिपोर्ट आला होता, डॉक्टरांनी आत बोलवायचं बाकी होतं. फाइलवर केस नंबर होता, १०४०३९९. नागोरावांनी मनाशी ठरवलं, याला भाग गेला तर गाठ साधी. मूळ संख्या निघाली, तर... पुढचं त्यांनी मनातही उच्चारलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तिनानं जाईना, अंकांची बेरीज सव्वीस. सातानं बाकी तीन. अकरानं नाही, तेरानं नाही, सतरानंही नाही. पाय नुसता हलत होता.

"काय पुटपुटायलात?" कांताबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मला भ्या वाटायलंय हो."

त्यांनी ऐकलं. पण तेव्हा त्र्याहत्तरानं भाग चालू होता.

"कांता कांबळे कौन है? अंदर आइए," नर्सनं हाक मारली.

"चला की," कांताबाई उठल्या.

"तू हो पुढं. आलोच मी, एकच मिनिट."

त्या क्षणभर थांबल्या आणि गेल्या. नागोराव भागत राहिले. मग एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, वर्गमूळ! पोरांना ओरडून सांगायचे ते, आधी वर्गमूळ बघा. एक हजार वीसचा वर्ग दहा लाख चाळीस हजार चारशे, आणि हा आकडा त्याहून फक्त एकानं कमी. म्हणजे १०१९ गुणिले १०२१! दोन्ही मूळ संख्या, दोघींच्या मध्ये एकच आकडा. अशा संख्यांना जुळ्या म्हणतात. भाग गेला होता. आनंदानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धावतच दाराशी पोचले, तर कांताबाई बाहेर येत होत्या.

"गाठ चांगली नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करायचंय. डॉक्टरनं इचारलं, संगं कोण आलंय."

"मग?"

"मी म्हणलं, कोणी नाही."