त्यानं पुसलेली काच

माझ्या भावानं कुठलंच काम कधी पुरं केलं नाही. सायकल पुसायला घ्यायचा आणि एक चाक पुसून उठायचा. शेवटच्या सकाळी माशांच्या टाकीची काचही त्यानं तशीच अर्धवट सोडली.

ती टाकी त्यानं पहिल्या पगारातून आणलेली. शिरूरच्या आमच्या घरात ती खिडकीपाशी ठेवली होती, आणि उन्हानं काचेला आतून हिरवं शेवाळ धरायचं. त्या सकाळी बाही वर सारून, भांडी घासायच्या जाळीनं त्यानं समोरच्या काचेवर वीतभर जागा घासली, तेवढ्यात कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "राहिलेलं आल्यावर करतो," म्हणाला आणि ओल्या हातानंच पळाला. कंपनी सुटल्यावर बसची वाट न बघता मित्राच्या मोटारसायकलवर बसला. कोरेगाव भीमाच्या अलीकडं ट्रकनं दोघांनाही ठेवलं नाही.

मी तेव्हा दौंडला, सासरी. हे सगळं आईनं सांगितलेलं, पण इतक्या वेळा, की आता तो हॉर्न मीच ऐकला असं वाटतं. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. त्यामुळं त्या घरात राहिली आई, दोन गोल्डफिश आणि ती वीतभर काच.

आई त्या जागेसमोर पाट टाकून बसायची. "मासा वळला का त्याचा हात हालल्यावानी दिसतंय," म्हणायची. मी दटावायचे, "खुळ्यासारखं बोलू नको." खरं सांगायचं तर मला त्या टाकीची भीती वाटायची. एकदा भरदुपारी मलाही तिथं काहीतरी हललेलं दिसलं, बोटांसारखं. मासाच असणार. मी पाठ फिरवून चहा टाकायला गेले आणि आईला काही बोलले नाही.

पण शेवाळ कुणासाठी थांबतंय? कडेकडेनं ते त्या जागेत शिरायला लागलं. आईनं शेजारच्या एसटीडीवरून मला फोन केला.

"ती जागा बुजत आलीय गं. आता तळहाताएवढीच राह्यलीय."

"मग पूस की."

"मी कशी पुसू? त्याच्या हातावर माझा हात फिरंल."

म्हणजे माणसाचा हात तिथं चालणार नव्हता, माझाही नाही. आणि ती जागा बुजली असती तर आईनं अंथरूण धरलं असतं, हे मला दिसत होतं. मग तीच म्हणाली, "जनावराचं चालंल. इहिरीत कासव सोडत्यात बघ पाणी साफ ऱ्हायला, तसलं टाकीत सोडायचं काय मिळतंय का?"

दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर एक मामा पक्षी आणि मासे विकायचे. त्यांना म्हटलं, काच चाटणारं जनावर द्या. त्यांनी आधी गोगलगाय दाखवली. ती मेहनती, पण एकीच्या पन्नास होतात आणि जिकडंतिकडं अंडी चिकटवतात. ते आईला खपलं नसतं. बोटाच्या पेराएवढे झिंगे होते, शेवाळ चांगलं वेचतात म्हणे. "पर तुमचं गोल्डफिश एका घासात गिळत्याल," मामा म्हणाले. मिशांचा एक गोंडस मासा तळाला वाळू हुंगत हिंडत होता. मला तोच आवडला. तर मामा म्हणाले, "त्यो खाली पडलेलं उष्टं खातोय ताई. काचेला तोंड बी लावायचा न्हाई."

राहिला सकर नावाचा मासा. काळपट, खरबरीत अंगाचा, काचेला चिकटलेला, आणि तोंड म्हणजे नळातला वायसर. दिसायला अगदी भुताचा भाऊ. मामांनी बजावलं, "ह्याला वरनं खायला टाकायचं न्हाई. पोट भरलं का ह्यो काम करत न्हाई. आन् पार उपाशी बी मारू नका, न्हाईतर गोल्डफिशच्या अंगाला चिकटंल."

प्लॅस्टिकच्या पिशवीत तो मांडीवर घेऊन मी एसटीनं शिरूरला गेले. टाकीत सोडला तसा तळाला जाऊन बसला. आई म्हणाली, "ह्याला घर सापडलं."

महिन्यानं गेले तर शेवाळ जसंच्या तसं, उलट वाढलेलं. पुसलेली जागा विड्याच्या पानाएवढी उरली होती. आणि सकर मात्र फुगून टम्म. मी आईला धारेवर धरलं तेव्हा कळलं. रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी ती भाकरी पाण्यात कुस्करून त्याच्यापुढं सोडत होती.

"घरात आलेला जीव उपाशी ठिवायचा व्हय?"

"आई, तो कामाला आणलाय. खायला काळ अन् भुईला भार करून ठेवलास त्याला!"

"त्यो काय बोलतोय का, भूक लागली म्हणून?"

माझं डोकं फिरलं. मी नको नको ते बोलले. तुझ्या या दयेपायी त्यानं पुसलेली जागा जाईल, मग बस रडत, असंही म्हणाले. भाकरीची वाटी आईनं धुऊन फळीवर पालथी घातली. तिच्या उभ्या आयुष्यात दारातलं कुत्रंसुद्धा उपाशी गेलं नव्हतं. माझ्या शब्दाखातर तिनं ते केलं.

तीन आठवड्यांनी परत गेले. दारातूनच टाकी दिसली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. काच नव्यासारखी लखलखीत. एक हिरवा ठिपका नाही. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" असं म्हणतच आत शिरले.

आई पाटावर बसलेली होती. काचेवर बोट फिरवत होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"हितं व्हतं का गं? का जरा वर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भोवती हिरवं होतं म्हणून तर त्यानं पुसलेलं दिसत होतं. आता सगळीच काच पुसलेली. त्याची कुठली आणि माशाची कुठली, कोण सांगणार? आईची भाकरी चालू होती तोवर विड्याच्या पानाएवढा तरी माझा भाऊ त्या काचेवर होता. तेवढाही मी पुसून टाकला, आणि वर शाबासकी मागत आले होते.

"मला सापडंना झालंय," आई एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडं बघत राहिली. मला ते बघणं सोसेना. मी पुढं झाले आणि काचेवर बोट ठेवलं.

"हे बघ. इथंच होती. मला पक्की ठाऊक आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं तिथं तळहात टेकवला आणि डोळे मिटले. त्यानंतर ती जिवंत होती तोवर रोज तिथंच हात ठेवून बसायची, आल्यागेल्याला दाखवायची, हे माझ्या लेकानं पुसलेलं. मला ती जागा ठाऊक नव्हती.