झिंजमधले भर दुपारचे पाहुणे

भुताखेतांवर, साक्षात्कारांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर दिसेल तेवढंच खरं! तरीही हे लिहायला बसलेय...

१९७९ सालचा जुलै. बहारीनमध्ये झिंज भागात तळमजल्यावर आमचा फ्लॅट. लग्नाला सोळा वर्षं झालेली, मी एक्केचाळीस वर्षांची, मूल नाही. वसई-मुंबईचे डॉक्टर झाले, सासूबाईंचे नवस झाले. कुणी बाळाच्या बाप्तिस्म्याला बोलावलं की मी ‘ड्युटी आहे’ म्हणून सांगायचे. साफ खोटं.

त्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही चर्चमधल्या मिस्साहून आलो तर एसी बंद. ‘माणसं पाठवतो,’ घरमालक फोनवर म्हणाला. भर दुपारी बेल वाजली. दारात तीन अरब, पांढरेशुभ्र झगे — आणि अंगावर घामाचा थेंब नाही. पास्कलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं मालकाने आपले भाऊबंदच पाठवले. पाहुणा दिसला की याच्या अंगात येतं! एसी राहिला बाजूला. पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी घातली आणि आत येऊन मला म्हणतो, “कोंबडी वाढ. सगळी.”

“आणि आपण काय खायचं? तुझं कौतुक?”

“मिना, उन्हातून आलीत गं माणसं.”

वाढलं. मी पडद्याआड उभी राहिले. इथे पुरुष दुसऱ्याच्या बायकोची चौकशी करत नाहीत, नाव घेणं तर लांबच. पण जेवण झाल्यावर त्यांतला वयस्कर माणूस मोडक्या हिंदीत म्हणाला, “फिलू किधर है?”

माझं नाव फिलोमिना. पास्कलसकट सगळे मला मिना म्हणतात. फिलू म्हणायची फक्त माझी आई, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“अंदर है,” पास्कल चाचरत म्हणाला.

“अगले साल इस टाइम उसका बच्चा होगा.”

मला हसू फुटलं. कडू हसू.

“फिलू क्यों हँसी?”

“मैं नहीं हँसी,” मी आतूनच म्हणाले.

“हँसी,” तो म्हणाला. रागाने नाही, अगदी मायेनं.

ते गेल्यावर पास्कलने बायबल उघडलं. तंबूच्या दारात भर दुपारी बसलेला अब्राहाम, तीन अनोळखी पाहुणे, त्यांच्यासाठी धावपळ करून केलेलं जेवण, आणि आपल्याला मुलगा होणार हे ऐकून तंबूत हसलेली त्याची म्हातारी बायको सारा...

“मिट ते!” मी ओरडले. भयंकर चिडले होते. सोळा वर्षांनी पुन्हा आशा लावायची, ही काय चेष्टा आहे?

शनिवारी घरमालक स्वतः मेकॅनिक घेऊन आला. “कल? मफी, कोई नहीं! कल मैंने किसी को नहीं भेजा.”

ऑक्टोबरात पाळी चुकली. वय झालं, म्हटलं. तरी टेस्ट लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा नाव न सांगता दुसऱ्या टेक्निशियनकडून करून घेतली. तिन्ही पॉझिटिव्ह! लॅबमधल्या स्टुलावर बसून मी ढसाढसा रडले.

उशिरा होतात मुलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मान्य. पण आईने ठेवलेलं नाव त्या माणसाला कुणी सांगितलं? नाही माहीत... मुलगी आता सात वर्षांची आहे. माझ्या कोपराशी उभी राहून विचारतेय, “ममा, व्हॉट आर यू रायटिंग?” तिला काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.