डावीकडचे तिघे

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा तिचा फुटबॉलचा संघ आमच्या गळ्यात पडला. टॅबवरचा गेम. जाताना म्हणाली, "रोज एकदा उघडा, नाहीतर माझी कार्डं वाया जातील." आम्ही उघडू लागलो आणि महिन्याभरात तिच्यापेक्षा जास्त गुंतलो.

त्या गेममध्ये प्रत्येक खेळाडू म्हणजे एक कार्ड. कार्डावर वेग, पास, ताकद, दम, बचाव असे आकडे. संघ लावायच्या स्कीम वेगवेगळ्या. एकीत मागे पाच जण, दुसरीत पुढे तिघे. एका स्कीममध्ये सोनं ठरलेलं कार्ड दुसरीत मातीमोल होतं. नवऱ्याचं म्हणणं, ज्याचे सगळे आकडे सारखे तेच कार्ड खरं, कुठेही चालतं. मी शाळेत गणित शिकवते. मला एका बाजूला झुकलेलीच कार्डं आवडायची. यावरून आमची दर रविवारी सकाळी पोहे खाता खाता जुंपायची. तो टॅबवरून एकेका स्कीमचा संघ वाचायचा, मी वहीत तक्ता करायची.

त्या रविवारी त्यानं पहिली स्कीम वाचली. मी लिहून घेतलं आणि मोजलं. आठच जण.

"तीन राहिले," मी म्हटलं.

"नाही वं, सगळे सांगितले तुले."

"डाव्या बाजूचे कुठं आहेत?"

"जितके आहेत तितके सांगितले ना."

मला वाटलं, माझी गंमत करून राहिला आहे. म्हटलं, दुसरी वाच. त्यानं दुसरी वाचली. पुन्हा आठ. तिसरीत सात. मी तिन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. उजवी बाजू तिन्हींत पूर्ण होती, मधली रांगही होती. डावा बचावपटू, डावा मधला, पुढचा डावा विंगर मात्र एकाही स्कीममध्ये नव्हते. चूक असती तर कधी हा राहिला असता, कधी तो. इथं मैदानाची एक अख्खी पट्टीच गायब होती.

मी उठून त्याच्या हातातला टॅब उलटा केला. त्या गेमचं चित्र आपोआप सरळ होत नाही; वरचं खाली गेलं, डावं उजवीकडे.

"आता वाच."

"उलटं काहून वाचायले लावून राहिली?"

"वाच ना गा."

तो चेहरे ओळखत ओळखत वाचू लागला. डावा विंगर आला. डावा बचावपटू आला. आता उजवीकडचे तिघे गेले, जे पाच मिनिटांपूर्वी त्यानं मला स्वच्छ वाचून दाखवले होते.

मी त्याच्या समोर बसले. "माझ्या नाकाकडे पाहा," असं म्हणून डावा-उजवा असे दोन्ही हात बाजूला धरले आणि बोटं हलवली. त्याच्या उजव्या बाजूची बोटं त्याला दिसली. डाव्या बाजूची मी जवळ आणत गेले. अगदी त्याच्या भुवईपर्यंत बोटं आली तरी तो शांतपणे माझ्या नाकाकडे बघत होता.

"तिकडे अंधार दिसून राहिला का?"

"अंधार काहून दिसन? सगळं बरोबर आहे."

याचीच मला जास्त भीती वाटली. अंधार दिसला असता तर तो स्वतःच घाबरला असता. त्याच्या लेखी तिथं काही नव्हतंच. मग त्या आठवड्यातल्या बारीकसारीक गोष्टी आठवू लागल्या. गुरुवारी ताटातली डावीकडची भाजी तशीच राहिली होती आणि मी म्हटलं होतं, आवडली नाही का? त्याच दिवशी गाडीचा डावा आरसा फुटून आला होता. "कोणीतरी ठोकून गेलं," असं तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. त्यानंतर शुक्रवारी तो हुडकेश्वरच्या घरून पारशिवनीच्या ऑफिसात गाडी चालवत गेला आणि परत आला. सगळा रस्ता. शाळा सुटायच्या वेळी, बैलगाड्या, ट्रक, सायकलवरची पोरं. मी त्याला डबा भरून दिला होता.

"उठ, दवाखान्यात जाऊ."

"चष्म्याचा नंबर वाढला असन. उद्या सदरच्या डोळ्याच्या डॉक्टरले दाखवतो, ऑफिसातून येता येता."

"तू गाडीले हात लावायचा नाही," मी ओरडले. इतक्या वर्षांत मी त्याच्यावर अशी ओरडले नव्हते. तो उठून चप्पल शोधू लागला. एकच सापडली. दुसरी तिच्या डावीकडेच पडली होती.

ऑटोत मी त्याचा हात सोडला नाही. प्रत्येक चौकात वाटे, आता याचं तोंड वाकडं होईल, आता हा बोलायचा थांबेल. म्हणून मी त्याला बोलतं ठेवलं. सुचेना तेव्हा मागे पाच जणांच्या स्कीमबद्दल विचारलं. तो अगदी नीट उत्तरं देत होता, कोणत्या कार्डाचा दम किती, कोणाचा पास कच्चा. मेंदू इतका शाबूत आणि तरी अर्धं जग गेलेलं, हे मला कुठेच बसवता येईना.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बोटांची तीच परीक्षा घेतली आणि लगेच स्कॅनला पाठवलं. डोळ्यांत काही दोष नव्हता. मेंदूच्या मागच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती, छातीच्या ठोक्यांत अनियमितपणा होता आणि गुठळी तिथूनच आली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, "आजपासून." मी म्हटलं, "गुरुवारपासून असेल." त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून बोचते.

पुढचे चार दिवस दुसरी गुठळी येईल का, या धास्तीत गेले. तो झोपला की मी त्याच्या छातीकडे बघत बसे. टॅब पिशवीत होता. तो मागायचा, मी द्यायची नाही. किती जण वाचेल, ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. पाचव्या दिवशी डॉक्टरबाईच म्हणाल्या, द्या, बघू तरी. त्यानं वाचलं. नऊ. डावा मधला परत आला होता. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

आज त्याला बरंचसं दिसतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातला तुकडा परत आला नाही, तिथं मान वळवून बघायला तो शिकला आहे. गाडी विकली. पारशिवनीला तो शेजारच्या गावच्या सहकाऱ्यासोबत जातो आणि पोचल्यावर फोन करतो. फोनला पाच मिनिटं उशीर झाला की फळ्यावरची माझी बेरीज चुकते.

मागच्या महिन्यात संघ वाचताना तो मध्येच थांबला.

"तुले एक सांगू? मले दवाखान्याची भीती नाही वाटली. मले त्या दिवशी काहीच कमी वाटलं नव्हतं, त्याची वाटते. आताही काही राहून जात असन तर मले कसं कळन?"

मी वही पुढे ओढली आणि म्हटलं, "तू वाचत जा. मी मोजते."